काळ्या गाडीवरची जाळी: धुताना पडते कशी आणि पॉलिशने काढायची कशी

धुऊन सावलीत उभी केलेली काळी गाडी आरशासारखी दिसते. तीच कडक उन्हात आणा, नाहीतर रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली न्या. बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेघा उमटतात. यांनाच स्वर्ल मार्क म्हणतात. या रेघा खरं तर गोल नसतात. रंगावर सगळ्या दिशांना हजारो बारीक, सरळ ओरखडे पसरलेले असतात आणि त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात. म्हणून दिवा हलवला की जाळंही त्याच्याबरोबर सरकतं.

पांढऱ्या गाडीवरही तितकेच ओरखडे असतात. पण ओरखड्याच्या कडेवरून विखुरणारा प्रकाश पांढरट असतो आणि तो पांढऱ्या रंगात मिसळून जातो. काळ्यावर त्याला लपायला जागाच नाही. त्यामुळे इतर रंगांवर खपून जाणाऱ्या सवयी काळ्यावर उघड्या पडतात.

कामाला हात घालण्याआधी रंगाचे थर समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १४० मायक्रॉन भरतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. जाळीचे ओरखडे त्याच्याच वरच्या एक-दोन मायक्रॉनमध्ये असतात. पॉलिश केल्यावर ते ‘भरून’ येत नाहीत. आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत घासून सपाट केला जातो. म्हणजे प्रत्येक पॉलिशमागे थोडा क्लिअर कोट कायमचा जातो आणि उन्हापासून रंगाचं रक्षण करणारा थर हाच असतो. म्हणून पॉलिश एकदा नीट करायचं आणि त्यानंतर प्रत्येक धुणं असं करायचं की पुन्हा लवकर पॉलिशची वेळ येऊ नये. धुणं चुकत असेल तर कितीही भारी पॉलिश दोन महिन्यांत वाया जातं.

जाळी येते कुठून

रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ. मोहच्या मापावर त्याची कठीणता ७, काचेपेक्षाही जास्त. असा एक कण फडक्याखाली सापडला आणि फडकं फिरलं की रेघ पडली. त्यात शाम्पूचा किंवा रंगाचा दोष नसतो. कण आणि रंग यांच्यामध्ये दाब देऊन काहीतरी फिरवलं जातं, एवढंच कारण.

सगळ्यांत जास्त नुकसान कोरड्या फडक्याने किंवा पिसांच्या झाडणीने रोज सकाळी धूळ झटकण्याने होतं. दिसायला हे गाडीची काळजी घेणं वाटतं, पण वाळूचा कागद हलक्या हाताने फिरवल्यासारखंच ते आहे. त्याखालोखाल एकाच बादलीत सगळी गाडी धुणं, चाकांचं फडकं बॉनेटवर वापरणं, फिरत्या ब्रशचं स्वयंचलित वॉशिंग, आणि धुळकट गाडीवर कव्हर चढवणं. वाऱ्याने कव्हर हलत राहतं आणि खालची धूळ रात्रभर घासत राहते. गाडी धुळीने माखली असेल आणि धुवायला वेळ नसेल, तर तशीच राहू द्या. धुळीची गाडी खराब दिसते, पण खराब होत नाही.

धुण्याची तयारी

सावली हवी आणि पत्रा गार हवा. तळहात बॉनेटवर ठेवून बघा. कोमट लागला तरी थांबा. काळा पत्रा उन्हात पटकन तापतो, शाम्पू मिट (हातात चढवायचा धुण्याचा मोजा) फिरायच्या आत वाळतो आणि पाण्यातले क्षार जागच्या जागी चिकटतात. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरची वेळ धरा.

सामान फार लागत नाही, पण जे लागतं त्यात काटकसर नको. १५ ते २० लिटरच्या दोन बादल्या, दोन्हींच्या तळाशी बसणारी जाळी म्हणजे ग्रिट गार्ड, चाकांसाठी तिसरी बादली आणि तिची वेगळी फडकी. मायक्रोफायबरचे दोन मिट, एक वरच्या भागाला, एक खालच्या. स्पंज नको. त्याचा पृष्ठभाग सपाट असतो, कण आत जायला जागा नसते, त्यामुळे तो कण रंगावरच दाबून फिरवतो. मिटच्या लांब तंतूंमध्ये कण वर ओढला जातो. शाम्पू गाडीचाच, पीएच न्यूट्रल. भांड्यांचा साबण एकदोनदा वापरल्याने रंग उतरणार नाही, पण वॅक्स उतरतं आणि मिट पुरेसा सरकत नाही. वाळवायला मोठा, जाड ट्विस्टेड लूप टॉवेल आणि त्याच्या जोडीला दोन-तीन मऊ मायक्रोफायबर. नवी फडकी आधी धुऊन घ्या आणि कडेची लेबलं कापून टाका. लेबलाच्या कडक टोकाची रेघ काळ्यावर स्पष्ट दिसते.

हात लावण्याआधी पाणी

चाकं आधी धुवा. ब्रेकच्या धुळीत धातूचे कण असतात आणि चाक घासताना ते उडून दारांवर पडतात. शेवटी चाकं धुतली तर स्वच्छ दारं पुन्हा घाण होतात.

मग संपूर्ण गाडीवर पाणी मारा. छतापासून सुरुवात, खाली उतरत, आणि चाकांच्या कमानी व दारांच्या खालच्या पट्ट्या यांना जास्त वेळ. प्रेशर वॉशर असेल तर पसरट फवाऱ्याचा ४० अंशांचा नोझल लावा आणि साधारण ३० सेंटीमीटर अंतर ठेवा. रंगाचा पोपडा सुटलेला असेल तर त्या कडेवर झोत मारू नका, पोपडा वाढतो.

पाण्याने सुटी धूळ जाते. तेलकट, चिकट थर जात नाही आणि कण त्यातच अडकलेले असतात. यासाठी फोम. फोम कॅननच्या, म्हणजे प्रेशर वॉशरला जोडायच्या फेसाच्या फवाऱ्याच्या, एक लिटरच्या बाटलीत ५० ते १०० मिलिलिटर फोम शाम्पू आणि बाकी पाणी. गाडी पांढरी होईपर्यंत फवारा, पाच मिनिटं राहू द्या, खाली घाण ओघळताना दिसेल. वाळायला लागायच्या आत धुऊन टाका. फोम कॅनन नसेल तर साध्या पंपाच्या फवारणीच्या बाटलीतून पातळ शाम्पू मारला तरी चालतं. फेसाची उंची दिसायला छान, काम करतो तो ओलावा आणि मिळालेला वेळ. जेवढा कचरा या टप्प्यात खाली उतरेल, तेवढा मिटखाली कमी येईल. ही पायरी गाळू नका.

दोन बादल्यांचं धुणं

एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. शाम्पूचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, मापून घ्या. जास्त टाकल्याने गाडी जास्त स्वच्छ होत नाही, फक्त धुऊन काढायला पाणी जास्त लागतं आणि काळ्यावर पांढुरके ओघळ राहतात.

मिट शाम्पूत बुडवा, निथळू न देता गाडीवर आणा. छत, मग काचा, बॉनेट, डिकीचं झाकण, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि शेवटी दुसऱ्या मिटने दारांचा खालचा भाग व बंपर. हात सरळ रेषेत, पुढून मागे न्या, गोल फिरवू नका. गोल फिरवल्यानेच जाळी पडते असं नाही. कण अडकला तर सरळ हातानेही रेघ पडणारच. पण एका दिशेची रेघ एका कोनातूनच दिसते आणि नंतर काढायलाही सोपी जाते. मिटवर हाताचा भार देऊ नका. ओल्या मिटचं स्वतःचं वजन पुरेसं आहे. डाग निघत नसेल तर दाबायचं नाही. तिथे पुन्हा फेस टाकून दोन मिनिटं थांबायचं.

एक भाग झाला, म्हणजे अर्धं बॉनेट किंवा एक दार, की मिट साध्या पाण्याच्या बादलीत घालून ग्रिट गार्डवर चोळा. कण तळाशी बसतात आणि जाळीमुळे पुन्हा वर येत नाहीत. पिळून मग शाम्पूत. साध्या पाण्याचा रंग गढूळ झाला की पाणी बदला. मिट हातातून जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता संपला. नळाखाली धरून पुन्हा वापरण्याचा मोह होतो, पण तंतूंत रुतलेला खडा तसा सुटत नाही.

पाणी कमी असेल तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने धुऊन काढावा न लागणारा द्रव, हा उत्तम पर्याय आहे. त्यातली काही उत्पादनं चार लिटर पाण्याला १५ मिलिलिटर इतक्या कमी प्रमाणात लागतात. आठ-दहा मायक्रोफायबर त्या पाण्यात भिजवून ठेवायची, एकेक घडी करून घ्यायचं, प्रत्येक भागाला नवी बाजू आणि वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत घालायचं नाही. मात्र चिखलाने भरलेली काळी गाडी या पद्धतीने धुवू नका. आधी पाण्याने चिखल उतरवणं भागच आहे.

वाळवणं

बरीचशी नवी जाळी इथे पडते. गाडी धुऊन झाली, आता ती स्वच्छच आहे, असं मानून हात मोकळा सुटतो. प्रत्यक्षात काचेच्या रबरांत, आरशांच्या फटींत आणि नंबरप्लेटमागे अजून घाण असते आणि ओला टॉवेल ती ओढत नेतो.

आधी पाइपचा नोझल काढून टाका आणि पाण्याची संथ, अखंड धार छतावरून खाली सोडा. फवारा नाही, धार. पाणी एकसंध चादरीसारखं घसरतं आणि सोबत बहुतेक थेंब घेऊन जातं. वॅक्स केलेल्या गाडीवर या एका युक्तीने पुसायचं काम निम्म्यावर येतं. ब्लोअर असेल तर फटींमधलं पाणी त्याने बाहेर काढा.

मग टॉवेल. तो पसरून पत्र्यावर आडवा टाका, वरून हलका तळहात फिरवा आणि उचला. जमेल तिथे टिपून घ्या. मोठ्या सपाट भागावर ओढावाच लागला तर दोन्ही कोपरे धरून, वरून काहीही दाब न देता ओढा. क्विक डिटेलरचा किंवा ड्राइंग एडचा (दोन्ही पत्रा निसरडा करणारी द्रवं) एक-दोन फवारा मारला की टॉवेल घसरतो. कोरड्या पत्र्यावर कोरडा टॉवेल फिरवू नका. राहिलेला थेंब नंतर टिपता येतो.

पाणी जड असेल तर वाळलेल्या थेंबांचे पांढरे गोल डाग राहतात. हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. ताजे असताना पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घेऊन मऊ फडकं भिजवा, डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, न घासता उचला आणि भरपूर पाण्याने धुवा. उन्हात भाजलेला डाग क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडतो. तो व्हिनेगरने जात नाही, पॉलिशनेच जातो आणि कधी कधी तेवढ्यानेही जात नाही.

पॉलिशआधीची खोल सफाई

धुतलेल्या पत्र्यावर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोटं फिरवा. खरखर लागली तर रंगात कण रुतलेले आहेत. ते तसेच ठेवून पॉलिश केलं तर पॉलिश मशीनचं फोमचं पॅड ते उखडून सगळीकडे फिरवेल.

लोखंडी कणांसाठी आयर्न रिमूव्हर फवारा. लोखंडाशी प्रक्रिया झाली की तो जांभळा होऊन ओघळतो. काळ्या रंगावर जांभळं दिसत नाही, चाकांवर किंवा खाली पडलेल्या पाण्यात बघा. तीन ते पाच मिनिटं, वाळू न देता, आणि मग धुणं. वास उग्र असतो, मोकळ्या हवेत हातमोजे घालून करा. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने मऊ करून उचला, नखाने खरवडू नका.

उरलेली खरखर क्ले बारने, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, काढायची. मऊ प्रतीचा क्ले घ्या, त्याची पातळ चकती करा आणि पत्रा ल्युब्रिकंटने इतका ओला ठेवा की क्ले तरंगायला हवा. सरळ रेषेत, बोटांच्या टोकांनी, दाब न देता. आवाज आणि ओढ थांबली की तो भाग झाला. क्ले घडी घालून नवी बाजू काढा; खाली पडला तर फेकून द्या. एक गोष्ट आधीच मनाशी धरा: काळ्यावर क्लेचे पुसट व्रण पडतातच. त्यामुळे पॉलिश करायचं ठरलं असेल तेव्हाच क्ले. दर महिन्याला क्ले फिरवणं म्हणजे स्वतःच्या हाताने जाळी विणणं.

आधी एकच चौकोन

पॉलिशसाठी ड्युअल अ‍ॅक्शन म्हणजे डीए मशीन घ्या. त्याचं पॅड फिरतं आणि त्याच वेळी डगमगतं, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. फक्त गोल फिरणारं रोटरी मशीन वेगाने कापतं, पण अननुभवी हातात काळ्यावर होलोग्राम सोडतं: उन्हात चालता चालता पाहिलं तर पत्र्यावर लाटांसारखे पट्टे सरकताना दिसतात. कडेवर तर ते काही सेकंदांत रंगापर्यंत पोहोचू शकतं. हाताने पॉलिश करणं एखाद्या ओरखड्यापुरतं ठीक. संपूर्ण बॉनेटवर हाताचा दाब सारखा राहत नाही.

रंगाची जाडी मोजायचं उपकरण मिळालं तर प्रत्येक भागावर चार-पाच ठिकाणी मोजा. १०० ते १४० च्या आसपास आकडे आले तर कारखान्याचा रंग समजायला हरकत नाही. एखाद्या दारावर एकदम २०० च्या वर आकडा आला तर ते बहुधा पुन्हा रंगवलेलं आहे. ८० च्या खाली दिसलं तर तिथे कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश, लावू नका. आणि लक्षात ठेवा, हे उपकरण सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं; त्यात क्लिअर कोट किती उरलाय ते सांगत नाही.

जुन्या काही काळ्या गाड्यांवर क्लिअर कोट नसतोच. त्यांवर पॉलिश करताना पॅड काळं होतं. घाबरण्याचं कारण नाही, पण अशा रंगावर सौम्य पॉलिशपलीकडे जाऊ नका.

आता रबराच्या पट्ट्या, काळं प्लास्टिक, चिन्हं आणि धारदार कडा यांच्यावर पेंटरची मास्किंग टेप लावा. रबरात गेलेलं पॉलिश वाळून पांढरं होतं आणि काढता काढता जीव जातो. कडांवर टेप लावण्याचं कारण वेगळं आहे: तिथे रंग मुळातच पातळ बसतो.

बॉनेटच्या मध्यावर ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा चौकोन टेपने आखा. सगळ्यांत सौम्य जोडी आधी: मऊ फिनिशिंग फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. नव्या पॅडवर पॉलिशचा पातळ हात सगळीकडे फिरवून घ्या, वर वाटाण्याएवढे चार थेंब टाका. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवा आणि थेंब पसरवा, नाहीतर सुरू करताच शिंतोडे भिंतीपर्यंत जातात. पहिल्या गतीवर पसरवा, मग चार ते पाचवर न्या. हात सेकंदाला तीन ते पाच सेंटीमीटर इतकाच सरकू द्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढवा. एकदा आडवं, एकदा उभं. असे चार ते सहा फेरे. दाब मशीनच्या वजनापेक्षा किंचित जास्त, शेवटचे दोन फेरे फक्त वजनावर. बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर चिकटतं त्या चकतीच्या) कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसली पाहिजे. रेघ थांबली तर पॅड नुसतं थरथरतंय, दाब जास्त झालाय किंवा मशीन तिरपं धरलंय.

फेरे संपल्यावर पॉलिश तेलाच्या पातळ थरासारखं पारदर्शक राहायला हवं. वाळून भुकटी उडत असेल तर पॉलिश कमी पडलं किंवा पत्रा गरम आहे. मऊ, जाड लवीच्या मायक्रोफायबरने पुसा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल १५ ते २० टक्के आणि बाकी डिस्टिल्ड पाणी, किंवा तयार पॅनल वाइप (तेल काढणारा द्रव) फवारून पुन्हा हलकं पुसा. हे टाळलं तर फसगत होते. पॉलिशमधली तेलं ओरखड्यांत बसून त्यांना झाकतात, चौकोन झकास दिसतो आणि दोन धुण्यांनंतर जाळी परत येते.

तपासायला एलईडी टॉर्च वेगवेगळ्या अंतरावरून आणि कोनांतून धरा, खोलीतले बाकी दिवे बंद करून. शक्य असेल तर उन्हातही पाहा. ऊन जे दाखवतं ते टॉर्च कधी कधी दाखवत नाही.

जाळी गेली असेल तर तीच जोडी संपूर्ण गाडीला वापरा. निम्मी राहिली असेल तर पॉलिश तेच ठेवून पॅड एक पायरी कडक घ्या. तरीही नाही गेली तर मग कंपाउंड आणि कटिंग पॅड, त्यानंतर पुन्हा फिनिशिंगचा फेरा. कंपाउंडने काळ्यावर हमखास धुकट छटा येते. ती शाईसारखा काळेपणा घालवते आणि शेवटचा सौम्य फेरा तिच्यासाठीच असतो. काही गाड्यांचा क्लिअर कोट इतका मऊ असतो की पुसायच्या फडक्यानेही व्रण उठतात. तिथे पॉलिश कमी, वेग तीन-चारवर, दाब शून्य, आणि पुसताना फडकं चौपदरी घडी करून नुसतं तरंगवायचं.

नख अडकेल असा ओरखडा मात्र सोडून द्या. तो पॉलिशने जाण्याइतका उथळ नसतो. त्याच्या कडा थोड्या गुळगुळीत होऊन तो कमी नजरेत भरेल, तेवढ्यावर समाधान माना.

उरलेली गाडी

चौकोन जमला की बाकी काम संयमाचं. बॉनेटचे चार ते सहा चौकोन पाडा आणि प्रत्येक शेजारच्यावर थोडा चढवा. दुसऱ्या चौकोनापासून दोन-तीन थेंब पुरतात. प्रत्येक चौकोनानंतर मशीन सुरू ठेवून पॅडवर मऊ ब्रश धरा, घासलेला रंग आणि वापरलेलं पॉलिश बाहेर पडतं. ही सवय नसेल तर ते वाळून त्याच्या गाठी होतात आणि पॅडच नवे ओरखडे पाडू लागतं. एक पॅड दोन-तीन भागांपुरतं चालतं. पूर्ण गाडीला पाच-सहा पॅड ठेवा.

हाताने पत्रा अधूनमधून तपासा. कोमट ठीक, चटका बसेल इतका गरम नाही. प्लास्टिकच्या बंपरवर जास्त सावध राहा: धातू उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती धरून ठेवतं आणि रंग सुरकुततो. दारांच्या उठावदार रेषेवर पॅड आडवं चढवू नका. रेषेच्या एका बाजूने या, थांबा, मग दुसऱ्या बाजूने.

पहिल्यांदा करत असाल तर दोन दिवस धरा. थकलेला हात दाब वाढवतो आणि दुपारनंतर केलेलं छत सकाळच्या बॉनेटपेक्षा हमखास वाईट निघतं. पॅनल वाइपने सगळी गाडी पुसून झाल्यावर फटींमध्ये राहिलेली पॉलिशची भुकटी मऊ ब्रशने काढा.

वरचा थर आणि नंतरची देखभाल

पॉलिशनंतर रंगावर संरक्षक थर लावायचा. कार्नौबा वॅक्स (वनस्पतीपासून मिळणारं मेण) साधारण दीड-दोन महिने टिकतं आणि काळ्यावर उबदार, खोल दिसतं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने. सिरॅमिक कोटिंग वर्षभर किंवा त्याहून जास्त. ते सावलीत, गार पत्र्यावर, लहान भागात लावायचं आणि बाटलीवर दिलेल्या वेळेत पुसायचं. काळ्यावर पुसायचा राहिलेला ठिपका इंद्रधनुषी डागासारखा वाळतो आणि मग पॉलिशनेच निघतो. पहिले २४ तास पाणी लागू देऊ नका, आठवडाभर शाम्पू नको. कोटिंगने ओरखडे पडत नाहीत हा समज मात्र सोडा. पाणी आणि घाण चिकटत नाही म्हणून धुणं सोपं होतं, तेवढंच. वाळूचा कण कोटिंगवरही रेघ मारतो. नुकत्याच पुन्हा रंगवलेल्या भागावर वॅक्स किंवा कोटिंग लावण्याआधी रंगकाम करणाऱ्याला किती थांबायचं ते विचारा. बहुधा एक ते तीन महिने सांगतात, कारण रंगातला द्रव बाहेर पडायचा असतो.

पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी काढा. ओलं मायक्रोफायबर तिच्यावर पाच मिनिटं ठेवून मऊ करा आणि वर उचला. पुसू नका, तीत बियांचे आणि खड्यांचे तुकडे असतात. तापलेल्या काळ्या पत्र्यावर ती काही तासांत क्लिअर कोट खाते.

फडक्यांची काळजी राहिली. वापरलेली मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुवू नका, सुताचे तंतू त्यांत अडकतात. द्रव साबण, ४० अंशांपर्यंतचं पाणी, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, कारण तो तंतूंवर थर चढवतो आणि फडकं पाणी टिपेनासं होतं. चाकांची फडकी वेगळ्या रंगाची घ्या आणि वेगळी धुवा. सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवा. वापरण्याआधी प्रत्येक फडकं गालावर फिरवून बघा. काही टोचलं तर ते काळ्या रंगावर जायचं नाही, चाकांच्या डब्यात टाका.